फिल्म छायाचित्रणातील प्रकाशमापन : स्मार्टफोनवरील ॲप आणि हातातील मापक यांची रायगड किनाऱ्याच्या संदर्भात चिकित्सा

प्रास्ताविक

फिल्मवरील छायाचित्रण संपले असे गृहीत धरले जात असतानाच गेल्या काही वर्षांत तरुण विद्यार्थ्यांचा एक वर्ग त्याकडे पुन्हा वळलेला दिसतो. घरच्या कपाटातील जुने यांत्रिक कॅमेरे बाहेर काढले जात आहेत. यांतील अनेक कॅमेऱ्यांत प्रकाशमापक मुळातच नसतो, किंवा असलेला निकामी झालेला असतो. साहजिकच विद्यार्थी खिशातील स्मार्टफोनवर एखादे ॲप उतरवून घेतो आणि त्याने दाखविलेले शटर व छिद्राचे आकडे कॅमेऱ्यावर लावतो. 'ॲप फुकट असताना स्वतंत्र मापक विकत कशाला घ्यावयाचा?' हा प्रश्न मग वर्गातही येतो आणि विभागाच्या खरेदी-समितीतही येतो.

या प्रश्नाची चर्चा बहुधा अचूकतेच्या अंगाने होते. ॲपचा आकडा मापकाच्या आकड्याशी जुळला की वाद मिटला, असे मानले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही मांडणी अपुरी आहे. दोन्ही साधने बहुतेक वेळा दोन भिन्न गोष्टी मोजतात. काळा पाषाण, लखलखती वाळू, समुद्र आणि नारळी-पोफळीची दाट वाडी काही मैलांच्या अंतरात जेथे एकत्र येतात, त्या रायगडच्या किनाऱ्यावर हा भेद विशेष ठळक होतो.

प्रश्न केवळ हौसेचा नाही. उटी येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचा 'इंदू' रोल आता इतिहासजमा झाला आहे. आज रोल परदेशातून येतो आणि १२० आकाराच्या रोलवर सहा बाय सहाच्या चौकटीत अवघी बारा छायाचित्रे मिळतात. उद्भासन चुकले हे रोल धुऊन आल्यावर कळते, तोवर भरती येऊन गेलेली असते.

आपाती आणि परावर्तित प्रकाश

प्रकाश दोन प्रकारे मोजता येतो. वस्तूवरून परतून आलेला प्रकाश मोजणे हा एक प्रकार, तर वस्तूवर पडणारा प्रकाश मोजणे हा दुसरा. पहिल्या प्रकारात मापकाला वस्तू काळी आहे की पांढरी हे ठाऊक नसते. समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे धरूनच तो उत्तर देतो. हा मध्यम करडा व्यवहारात १८ टक्के परावर्तनाचा मानला जातो. वेगवेगळ्या उत्पादकांचे अंशांकन तंतोतंत त्यावरच बेतलेले नसते, परंतु येथील विवेचनासाठी तेवढे पुरे. दुसऱ्या प्रकारात मापकावर पांढरा अर्धगोल घुमट असतो. वस्तूजवळ उभे राहून तो कॅमेऱ्याकडे वळवावयाचा. डॉन नॉरवुड यांनी १९४० च्या सुमारास रूढ केलेली ही रचना सेकॉनिकच्या एल-३९८ या बॅटरीविना चालणाऱ्या मापकात आजही ओळखता येते.

ॲप सामान्यतः फोनच्या कॅमेऱ्यातून पाहते, म्हणजे ते परावर्तित प्रकाशच मोजते. काही ॲप पडद्याजवळील प्रकाशसंवेदकाचा उपयोग करून आपाती प्रकाश मोजतात. मात्र हा संवेदक पडद्याची उजळी कमी-जास्त करण्यासाठी बसविलेला असतो. त्यावर घुमट नसल्याने तिरक्या प्रकाशाला तो न्याय देऊ शकत नाही.

आता जंजिऱ्याचे उदाहरण घेऊ. किल्ल्याचा महादरवाजा राजपुरी गावाकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी त्यावर थेट ऊन असते. तटाचा पाषाण काळसर आहे, आणि समजा, तो पडलेल्या प्रकाशापैकी साडेचार टक्केच परत पाठवितो. होडीतून जवळ जाऊन ॲप तटावर रोखले, तर १८ आणि साडेचार यांतील चौपटीमुळे ते दोन स्टॉप जादा उद्भासन सुचवील. काळा तट करडा येईल आणि शिडाच्या होडीचे पांढरे कापड जळून जाईल. काशीदच्या फिकट, कोरड्या वाळूवर नेमके उलटे होते. ॲप उद्भासन कमी करते आणि वाळू मळकट दिसते. दोन्ही ठिकाणी ऊन तेच आहे. घुमटाचा मापक दोन्ही ठिकाणी जवळपास एकच आकडा दाखवील, कारण त्याचा संबंध उन्हाशी आहे. स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतके, म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा सुमारे १/१०० किंवा १/१२५, हा जुना नियमही त्याच तत्त्वावर उभा आहे आणि त्याला कोणतेच यंत्र लागत नाही.

रंगीत निगेटिव्ह फिल्म दोन स्टॉपचे जादा उद्भासन बऱ्यापैकी सोसते. ॲपबद्दल समाधान व्यक्त करणाऱ्यांचे समाधान पुष्कळदा फिल्मच्या या सोशिकपणावर उभे असते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. स्लाइड फिल्म अर्ध्या स्टॉपचीही चूक सहजी पोटात घालीत नाही. तेथे साधनाची खरी परीक्षा होते.

संध्याकाळी याच राजपुरीच्या धक्क्यावरून पाहिल्यास सूर्य किल्ल्याच्या मागे असतो. ॲपच्या चौकटीत आकाश व चकाकते पाणी शिरते आणि तट निव्वळ छायाकृती होऊन बसतो. छायाकृतीच हवी असेल तर उत्तमच. परंतु ती छायाचित्रकाराने ठरविलेली असावी, चौकटीच्या सरासरीने ठरविलेली नसावी. तटाचे दगड दिसावयाचे असतील, तर घुमट कॅमेऱ्याच्या दिशेला, म्हणजे जमिनीकडे वळवून मोजणे योग्य ठरते, कारण धक्क्यावर उभ्या माणसाच्या पूर्वेकडील अंगावर जो प्रकाश पडतो तोच तटाच्या पूर्वेकडील अंगावरही पडत असतो. येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. श्रावणात ढगांची सावली धक्क्यावर आणि ऊन किल्ल्यावर असे वारंवार घडते. अशा वेळी घुमटाचा उपयोग नाही. एका अंशाच्या कोनातून पाहणारा स्पॉट मापक, किंवा तो नसल्यास लांब भिंगाचा फोन आणि त्यावरील ॲप, हाच मार्ग उरतो. येथे ॲप स्पष्टपणे सरस आहे.

सर्वांत अवघड जागा म्हणजे चौल, रेवदंडा, नागाव, श्रीवर्धन येथील वाड्या. पोफळीखाली दुपारी उन्हाचे कवडसे आणि गर्द सावली यांत कित्येक स्टॉपचे अंतर पडते. कोणतेही यंत्र येथे एक उत्तर देऊ शकत नाही. सुपारी सोलीत बसलेल्या बाईचा चेहरा सावलीत असेल आणि हातावर कवडसा असेल, तर काय राखावयाचे आणि काय सोडावयाचे हा निर्णय आधी घ्यावा लागतो. घुमट चेहऱ्यापाशी धरावयाचा की हातापाशी, हे ठरविल्याशिवाय मापक वापरताच येत नाही. ॲप मात्र दुरून, न विचारताच उत्तर देते, आणि फोनच्या कॅमेऱ्याने आपण होऊन चेहरा शोधून त्यावर उद्भासन बेतले, तर विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ॲपमध्ये बिंदू निवडण्याची सोय असते हे खरे. ती वापरली जाते किती, हा शिक्षकांनी तपासावयाचा विषय आहे.

जुन्या मापकाविषयीचे ममत्व

याचा अर्थ हातातील प्रत्येक मापक विश्वासार्ह असतो, असा नव्हे. सेलेनियमचे जुने घट काळाने क्षीण होतात, आणि समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत तर अधिकच. कॅडमियम सल्फाइडचे अनेक जुने मापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनविलेले होते. त्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत. त्यांच्या जागी दीड व्होल्टची बॅटरी घातली की काटा हलतो खरा, पण पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी थांबतो. आजोबांच्या कातडी डबीतला मापक केवळ यंत्र म्हणून देखणा आहे, यास्तव त्याला प्रमाण मानणे ही भावुकता झाली. अशा मापकापेक्षा साधे ॲप निःसंशय बरे. उलट फोनचे आयएसओचे आकडे फिल्मच्या आयएसओशी काटेकोर जुळलेले असतीलच असे नाही, आणि एकच ॲप दोन फोनांवर वेगळे उत्तर देऊ शकते. म्हणूनच चांगल्या ॲपमध्ये दुरुस्तीचा आकडा भरण्याची सोय असते.

हा दुरुस्तीचा आकडा कोठून आणावयाचा, याचे उत्तर अलिबागकरांच्या दारातच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, आणि त्यामुळे कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. त्या वेळी संचालक असलेल्या नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत नवी यंत्रे सुरू होताच जुनी बंद केली गेली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी समांतर चालू ठेवल्या गेल्या, आणि त्यामुळे कुलाब्याची दीर्घ मालिका अलिबागच्या मालिकेशी जोडता आली. जुने आणि नवे साधन सारख्या काळात शेजारी ठेवून त्यांतील फरक नोंदविणे, ही शिस्त शंभर वर्षांहून अधिक काळ याच किनाऱ्यावर आहे.

महाविद्यालयाच्या विभागाने एक चांगला, आपाती प्रकाश मोजणारा मापक घ्यावा, आणि विद्यार्थ्यांनी आपापले फोन त्याच्याशी ताडून पाहावेत. त्यासाठी करडे कार्ड, एकसारखा प्रकाश आणि एक वही एवढे पुरते. कार्ड आणि घुमट एकाच जागी, एकाच प्रकाशात धरावेत. फोनची भिंग पुसलेली असावी, कारण खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर दिसत नाही पण प्रकाश विखुरतो. वाचने भर दुपारी, ढगाळ हवेत आणि सूर्यास्तानंतरच्या मंद उजेडात अशी तिन्ही वेळी घ्यावीत. भर दुपारी जुळणारा फोन मंद उजेडातही जुळेलच असे नाही, आणि ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालेल्या विद्यार्थ्याला नेमका तोच आकडा लागणार असतो.