युद्धाचा खर्च कोणाच्या माथी?

बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला संसदेत निवेदन वाचण्यावरून वाद झाला, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. आपल्या सभांतून या निवेदनातले हिंदू कोड बिल तेवढे ऐकू येते. लष्करी खर्चावरचा भाग सहसा कोणी वाचून दाखवत नाही. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मला तो भाग निवेदनाचा कणा वाटतो.

आकडे साधे आहेत. वर्षाचा महसूल सुमारे ३५० कोटी, त्यातले सुमारे १८० कोटी लष्करावर. म्हणजे रुपयातले आठ आण्यांहून अधिक. उरलेल्यात शाळा, विहिरी, दवाखाने, सारे काही. हा खर्च त्यांनी परराष्ट्र धोरणाशी जोडला. आपल्याला मित्र नाहीत, म्हणून संरक्षणाचा सगळा भार एकट्याने उचलावा लागतो. काश्मीरचा प्रश्न मिटवल्याखेरीज हे ओझे उतरणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

याला शांतिवाद म्हणणे चूक ठरेल. ते सुभेदाराचे पुत्र. ज्या समाजाला लष्कराने आधी जवळ केले आणि मग दारे लावून घेतली, त्याच्यासाठी त्यांनी भरतीचा हक्क मागितला. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्यातल्या कितीतरी पहिल्या पदवीधरांची फी लष्करी पेन्शनीतून भरली गेली, हे आपण विसरू नये. पण लष्करात जागा मागणे हा समतेचा प्रश्न, आणि तिजोरी कुठे रिकामी होते हा राज्याच्या धोरणाचा. बाबासाहेबांनी या दोहोंची गल्लत केली नाही.

कर्जाचा हिशेब तर त्यांनी विद्यार्थिदशेतच हाती घेतला होता. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. कंपनीने लढाया केल्या, कर्जे काढली. १८५८ साली राज्य राणीकडे गेले, तरी ती कर्जे हिंदुस्थानच्या महसुलावरच राहिली. हरलेल्यांनीच हरवणाऱ्यांचा खर्च फेडला. पुढे घटनेच्या कलम २९२ ने केंद्राच्या कर्जाला कायद्याने मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला. वित्तीय जबाबदारीचा कायदा मात्र २००३ साली झाला.

परंतु नुसत्या भक्तीने वाचून भागणार नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात पैसा उभारण्याचे मार्ग सांगितले आहेत: लष्करी खर्चात कपात, विम्याचे राष्ट्रीयीकरण, दारूबंदी उठवून अबकारी उत्पन्न, आणि १९४७ साली रद्द झालेला मिठाचा कर पुन्हा लावणे. पहिल्या दोन मार्गांबद्दल माझी तक्रार नाही. शेवटच्या दोहोंचा भार मात्र गरिबाच्या मजुरीवर पडतो. मीठ मालकाला लागते तेवढेच मजुरालाही लागते. घरटी रक्कम किरकोळ होती, असे उत्तर देता येईल. तरीही लष्कराच्या खर्चाला बाबासाहेबांनी जी कसोटी लावली, त्याच कसोटीवर हा कर उतरत नाही. हे स्पष्ट म्हणण्यात त्यांचा अनादर नाही. ती कसोटी त्यांचीच आहे.

कार्यकर्त्यांनी ती वापरावी. अर्थसंकल्प आला की संरक्षण, व्याज आणि आपल्या मुलांच्या शिष्यवृत्त्या हे तीन आकडे एकाखाली एक लिहून काढावेत आणि ते वस्तीत मोठ्याने वाचावेत.