बुडालेल्यांची हाक

लोककथा वाचताना 'हे खरेच घडले काय?' असा प्रश्न आपण हटकून विचारतो. 'ही कथा कोणत्या व्यथेतून जन्मली?' हा प्रश्न मात्र राहून जातो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्यावरील कथांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

यांपैकी जगभर गाजली ती खोट्या दिव्यांची कथा. किनाऱ्यावरचे लोक म्हणे रात्री दिवे दाखवून जहाजे खडकांवर आणीत व लुटीत. डॅफ्नी द्यू मोरिए यांच्या 'जमैका इन' (१९३६) या कादंबरीने ती घरोघर पोचविली. अशा कृत्यास १७५३ च्या कायद्याने देहान्त शिक्षा सांगितली होती, हे खरे. तथापि कॅथरिन पियर्स या विदुषींनी आपल्या २०१० सालच्या ग्रंथात ही कथा पुराव्यापेक्षा कल्पनेवरच अधिक उभी असल्याचे दाखविले आहे. वाहून आलेला माल लोक उचलीत. पण बुडत्यांना वाचवीतही.

रॉबर्ट हंट यांच्या १८६५ सालच्या लोककथासंग्रहातील सूर निराळा आहे. जेथे जहाजे फुटली, त्या किनाऱ्याने रात्री जाण्यास कोळी धजत नाहीत. कारण बुडालेले खलाशी तेथे स्वतःचीच नावे पुकारीत असतात. हंट ही समजूत चार ओळींत नोंदवून पुढे जातात, हे त्यांच्या संग्रहाचे वैगुण्य होय.

ही नावेच का पुकारावीत? परक्या किनाऱ्यास लागलेल्या प्रेतास नाव नसते. १८०७ च्या डिसेंबरात 'अ‍ॅन्सन' ही युद्धनौका लो बार येथे फुटली. मृतांना जवळपासच विनासंस्कार पुरण्यात आले. त्याने व्यथित झालेले हेल्स्टनचे वकील टॉमस ग्रिल्स यांच्या खटपटीने १८०८ साली कायदा झाला आणि अशा प्रेतांस चर्चच्या आवारात जागा मिळू लागली. मॉर्वेनस्टोचे धर्मोपदेशक हॉकर यांनी पुढे १८४२ साली फुटलेल्या 'कॅलेडोनिया' जहाजावरील मृतांस आपल्या चर्चच्या आवारात सन्मानाने मूठमाती दिली.

आमच्या मते, हंट यांनी नोंदविलेली ती हाक म्हणजे या निनावी पुरलेल्यांविषयीची किनाऱ्याची टोचणी होय. और्ध्वदेहिकावाचून गेलेल्या जीवास गती नाही, असे मानणाऱ्या आपल्या समाजास ती सहज उमगावी. खोट्या दिव्याची कथा वाचून आपण दुसऱ्याच्या क्रौर्यावर निःशंकपणे शहारतो. ही दुसरी कथा मात्र ऐकणाऱ्यासच जाब विचारते. म्हणूनच ती श्रेष्ठ, असा आमचा अभिप्राय आहे.