धूर गेला कुठे?

डिलाईल रोडच्या गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या, त्यांच्याभोवती हिरवळ आली आणि ती कापणारी यंत्रेही. बॅटरीवरच्या यंत्राला जाहिराती 'प्रदूषणमुक्त' म्हणतात. हा शब्द आम्हांस खटकतो. १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीहून वीज मिळू लागली, ती पाण्यावरची होती. आज मुंबईच्या विजेतला मोठा वाटा कोळशाचा आहे. धूर फक्त दुसरीकडे निघतो.

मग पेट्रोलचे यंत्र बरे काय? मुळीच नाही. दोन-स्ट्रोक इंजिनातून काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते, ते आधी माळ्याच्याच नाकात जाते. कानठळ्या वेगळ्याच! माळ्यासाठी बॅटरी निश्चित चांगली.

परंतु 'दिवसभर चालते' हा दावा तपासून पाहा. ५६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ५६ × ५ = २८० वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे पाव युनिटाहून थोडी अधिक. लिटरभर पेट्रोलात सुमारे ९ युनिटे. लहान इंजिनाने त्यातली १५ टक्केच कामी आणली असे धरले, तरी १.३५ युनिट होतात. म्हणजे एका लिटरला जवळजवळ पाच बॅटऱ्या! ठेकेदाराने एकच दिली, तर ती चार्ज होईपर्यंत बसून राहिलेल्या माळ्याचा रोज कोण भरणार? हे गणित दहावीच्या वर्गात जरूर करून घ्यावे.