मलकोची परतीची गाडी

डेटिंग ॲपवर प्रोफाइल भरताना गावाच्या रकान्यात मी ‘नागपूरजवळ’ असं लिहिलं होतं. आमचं आरमोरी नागपूरजवळ नाही. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत बस येते, मग वैनगंगेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. मी पलीकडची. पण ‘गडचिरोली’ लिहिलं की पुढचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि तो मला नको होता.

तिसऱ्या भेटीत मी त्याला खरं सांगितलं. तो पुण्यात नोकरी करतो, घर नागपूरचं. ठरलेला प्रश्न त्याने विचारला नाही, याचं मला बरं वाटलं. तो म्हणाला, “मग तू ‘न्यूटन’ बघितलाच असशील!” त्याचा तो आवडता सिनेमा. त्यातही शेवटचा प्रसंग. “ती त्याच्यासाठी थांबते ना, तेच प्रेम. बाकी सगळं इन्स्टाग्राम.”

मी मान हलवली. बसमध्ये बसल्यावर वाटलं, आपण मान का हलवली? हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेलं उत्तर आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अमित मसुरकरांचा ‘न्यूटन’ २०१७ साली आला आणि त्या वर्षी भारताकडून ऑस्करला गेला. राजकुमार रावचा न्यूटन कुमार हा नवा सरकारी कारकून. छत्तीसगडमधल्या दंडकारण्यात, ७६ मतदारांच्या एका केंद्रावर त्याची निवडणुकीची ड्युटी लागते. मतदान नियमानेच व्हायला हवं हा त्याचा हट्ट. आत्मा सिंग (पंकज त्रिपाठी) हा सुरक्षा दलाचा अधिकारी, त्याला सगळं लवकर आटोपून आपली माणसं जिवंत परत न्यायची आहेत. आणि मलको (अंजली पाटील) ही तिथलीच गोंडी बोलणारी शिक्षिका, बूथ लेव्हल ऑफिसर. गोष्ट छत्तीसगडची असली तरी आम्हाला ती परकी वाटत नाही. जंगल तेच आहे, फक्त मधून राज्याची सीमा जाते. गडचिरोली-चिमूर मतदारसंघातही नक्षलग्रस्त भागात मतदान दुपारी तीनलाच संपतं आणि आतल्या केंद्रांवर माणसं आणि यंत्रं हेलिकॉप्टरने पोहोचवतात.

आधी सिनेमाचं मोठेपण कबूल करते. आपल्याकडे देशभक्ती आणि स्वाभिमान हे शब्द आले की पार्श्वसंगीत वाढतं. इथे ते वाढत नाही. सुरुवातीलाच संजय मिश्रांचा प्रशिक्षक न्यूटनला त्याचं दुखणं सांगून टाकतो : प्रामाणिक असणं ठीक, पण तुला त्या प्रामाणिकपणाचा गर्व आहे. पुढचा सगळा सिनेमा हे वाक्य तपासत जातो. न्यूटनला नियमाचा गर्व आहे, आत्मा सिंगला वर्दीचा. दोघंही देशासाठीच झगडताहेत आणि दोघंही समोरच्याला देशाचा अडथळा समजताहेत.

मलकोकडे गर्व नाही, स्वाभिमान आहे. फरक असा की गर्वाला समोर कुणीतरी खाली बसलेलं लागतं. मलकोला तसं कुणी लागत नाही. तू निराशावादी आहेस का, अशा अर्थाचं तिला विचारलं जातं तेव्हा ती आपण आदिवासी आहोत एवढंच सांगते. आशा आणि निराशा हे दोन्ही रकाने तिला लागू होत नाहीत, जसा माझ्या प्रोफाइलमधला गावाचा रकाना मला लागू होईना. पण तिने रकाना नाकारला आणि मी खोटा भरला, हा आमच्यातला फरक.

तिच्यात आणि न्यूटनमध्ये जे घडतं त्याला प्रेम म्हणायचं की नाही, हे सिनेमा आपल्यावर सोडतो. एका दिवसाची ओळख. हातात हात नाही, गाणं नाही. घरच्यांनी दाखवलेली मुलगी अठराची झालेली नाही म्हणून नाही म्हणणारा हा मुलगा. त्याच्यासारखा कुणी आमच्या तालुक्यात असता तर मीही दुसऱ्यांदा वळून पाहिलं असतं. त्या दिवसाचं मोल एवढंच की दोघांनी एकमेकांना कामाचं माणूस मानलं. माझ्या मते डेटिंगची याहून चांगली सुरुवात नसते.

मग येतो तो शेवटचा प्रसंग. सहा महिन्यांनी मलको न्यूटनच्या ऑफिसात येते. मानेला पट्टा लावून तो कामात आहे. जेवणाच्या सुट्टीला अजून पाच मिनिटं बाकी आहेत. तो तसं सांगतो आणि ती थांबते. थिएटरमध्ये म्हणे यावर टाळ्या पडल्या. मी हा सिनेमा घरी फोनवर पाहिला, ताईबरोबर. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, निवडणुकीच्या ड्युट्या तिने बऱ्याच केल्यात. प्रसंग संपला आणि ताई म्हणाली, “आता हिची परतीची गाडी किती वाजताची?”

मी हसले. ताई हसली नाही. ड्युटीवरून, प्रशिक्षणावरून, लग्नकार्यातून परतताना हा प्रश्न ती गेली अनेक वर्षं स्वतःला विचारत आलेली आहे. आमच्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, वडसा. बाकी सगळा भरवसा लाल डब्यावर. शेवटची गाडी चुकली की मुलगी कुठे होती, कुणाबरोबर होती, याची चर्चा दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर. मलको त्या ऑफिसात पाच मिनिटं थांबते तेव्हा त्या पाच मिनिटांमागे तिचा अख्खा दिवस असतो. त्या दिवसाचा हिशेब सिनेमात नाही. न्यूटनच्या पाच मिनिटांचा आहे.

त्याला मी हे सांगायला हवं होतं. ती थांबते म्हणून ते प्रेम, हे तुझं वाक्य अर्धं आहे. ती आधी येते. आणि तो कधी जात नाही. निवडणूक होती तेव्हा सरकारने त्याला नेलं. निवडणूक संपल्यावर त्या गावात जायचं त्याला कारण उरलं नाही. मलकोचं घर कसं आहे, तिची शाळा कशी भरते, रात्री ती काय रांधते, हे आपल्याला दिसत नाही कारण न्यूटनला ते पाहायचं सुचलेलं नाही. इतका प्रामाणिक सिनेमा इथे मात्र नायकाच्या खुर्चीतून उठत नाही.

मग मला आमच्या भागाच्या दुसऱ्या प्रेमकथा आठवल्या. शाळेत आम्हाला त्या आदर्श म्हणून सांगितल्या गेल्या आणि त्या आदर्श आहेतच. वरोऱ्याचं आनंदवन, बाबा आमटे आणि साधनाताई. भामरागड तालुक्यातलं हेमलकसा, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे. लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला १९७३ साली, जेव्हा तिथे रस्ता नव्हता आणि वीजही नव्हती. त्या जोडप्यावर समृद्धी पोरेंचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हिरो’ २०१४ मध्ये आला, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांचा. तो पाहताना मी रडले होते.

पण आता नावाकडे पाहा. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून होता. सिनेमाच्या पाटीवर हिरो एकच आहे. दोघंही डॉक्टर. त्यातला एक आपल्या वडिलांच्या कामात गेला. दुसरी आपलं सगळं सोडून दुसऱ्याच्या वडिलांच्या स्वप्नात गेली. माझ्या हिशेबाने दुसरा प्रवास जास्त लांबचा. त्याआधीच्या पिढीत नागपूरच्या इंदू घुले लग्नानंतर साधना आमटे झाल्या आणि आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘समिधा’. समिधा म्हणजे यज्ञात घालायचं लाकूड. यज्ञ दुसऱ्याचा असतो. हे नाव त्यांनी स्वतः निवडलं, त्यात त्यांचा अभिमान आहे आणि त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. मला बोलायचंय ते आमच्यापुढे ही पुस्तकं ठेवणाऱ्यांबद्दल. प्रेम देशाच्या कामी आलं तरच मोठं, आणि ते कामी आणायचं बाईने घर बदलून, हा धडा आम्ही न शिकवता शिकलो. शहरातली मंदाकिनी जंगलात गेली, जंगलातली मलको शहरात आली. दिशा उलट्या आहेत, तिकीट बाईनेच काढलंय.

आणि या सगळ्यात इथल्याच मुलीची प्रेमकथा कुठे आहे? मीही यातून सुटत नाही. आम्ही धानपट्ट्यातले, गोंड नाही. मला गोंडी येत नाही. मलकोसारख्या मुली माझ्या वर्गात होत्या आणि त्यांच्या घरी मीही कधी गेले नाही.

देशाबद्दलही थोडं. तो मला रील पाठवतो, बर्फात उभ्या जवानांच्या. मनापासून पाठवतो. ‘न्यूटन’मध्ये आत्मा सिंग आपली बंदूक न्यूटनच्या हातात देतो आणि हे देशाचं वजन आहे असं समजावतो. सिनेमातला हा सर्वात चांगला प्रसंग, कारण त्या क्षणी आत्मा सिंग खोटं बोलत नसतो. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, आमच्या कुरखेड्याजवळ जांभुळखेडा इथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. ते वजन काय असतं हे आम्हाला रीलमधून कळावं लागत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा सी-६० मध्ये आहे. त्याची आई फोन वाजला की आधी भिंतीला हात लावते.

फक्त मलकोच्या हातात कुणी ती बंदूक देऊन पाहत नाही. ती दोन्हीकडच्या बंदुकांच्या मधोमध राहते, त्याचं वजन कुठल्या काट्यावर मोजायचं? धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटं गोंड गाव आहे. त्यांची घोषणा महाराष्ट्रभर माहीत आहे : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ पासून आपल्या जंगलातला बांबू ते स्वतःच्या परवान्याने विकतात. त्या घोषणेत मला देशप्रेम आणि स्वाभिमान एकाच ओळीत नांदताना दिसतात. दिल्लीचं सरकार ‘आमचं’ म्हणायचं आणि तरी आपलं दार आपणच उघडायचं. प्रेमातही हेच का चालू नये?

चंद्रपूरला अंचलेश्वराच्या देवळाजवळ गोंड राजा बीरशहाची समाधी आहे. राणी हिराईने बांधली. व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात तिचे फोटो फिरतात, खाली लिहिलेलं असतं, शहाजहानने बायकोसाठी बांधला, हिराईने नवऱ्यासाठी. हे वाचून छाती फुगते, माझीही. पण गोष्टीचा आधीचा भाग कॅप्शनमध्ये मावत नाही. असं सांगतात की बीरशहाच्या लेकीचा सासरी अपमान झाला, म्हणून बीरशहाने जावयावर स्वारी केली आणि त्याचं शिर महाकालीला वाहिलं. पुढे बीरशहाचाही खून झाला. हिराईने रामशहाला दत्तक घेतलं आणि तो लहान होता तोवर राज्य चालवलं. म्हणजे एक बाई माहेरात राहून नाही, सासरात विरघळून नाही, तर आपल्या जागी उभी राहून प्रेमही करत होती आणि कारभारही. आणि ज्या लेकीच्या मानासाठी दोन राज्यं भिडली, तिला नेमकं काय हवं होतं हे मात्र कुठल्याच सांगणाऱ्याला माहीत नाही. तिला नवऱ्याचं शिर हवं होतं, की फक्त माहेरी यायला गाडी?

बाईचा मान पुरुषाच्या युद्धाचं कारण होतो, बाईचं प्रेम पुरुषाच्या कामाची समिधा होतं, आणि बाईचं थांबणं पुरुषाच्या प्रामाणिकपणाचं बक्षीस होतं. ‘न्यूटन’ यातलं पहिलं करत नाही, दुसरं करत नाही, म्हणून तो मला आवडतो. तिसरं करतो, म्हणून मी त्याच्याशी भांडते. आवडत्या सिनेमाशीच भांडावंसं वाटतं.

गेल्या आठवड्यात मी प्रोफाइल बदललं. गाव : आरमोरी, जिल्हा गडचिरोली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “काहून लपवून ठेवलं होतं बाप्पा? चोरी केली का?” मग मी त्याला मेसेज केला, पुढची भेट इकडे. वैनगंगेच्या पुलावर संध्याकाळी छान वारा असतो, ताईच्या हातचं जेवण आहे, आणि रस्त्यात आपण ‘न्यूटन’वरून भांडू.

बराच वेळ दोन निळ्या खुणा दिसत राहिल्या. मग त्याचं उत्तर आलं : “येतो. पण परतीची शेवटची गाडी किती वाजताची?”

ताईला स्क्रीन दाखवली. यावेळी ती हसली.