दगडावरची तारीख

आंद्रे वायदाचा ‘कातिन’ (२००७) युद्धपट म्हणून बघायला बसलेल्याची निराशाच होईल. लढाई त्यात नाहीच म्हटलं तरी चालेल. सप्टेंबर १९३९ मध्ये एका पुलावर माणसांचे दोन लोंढे समोरासमोर येतात. एक जर्मनांच्या भीतीनं पूर्वेकडे पळतोय, दुसरा सोव्हिएत फौजांच्या भीतीनं पश्चिमेकडे. पोलंडची अख्खी कोंडी वायदा या एका दृश्यात मांडून मोकळा होतो. थोड्याच वेळात लाल सेनेचा एक शिपाई पोलिश झेंडा मधोमध फाडतो. लाल पट्टा पुन्हा टांगतो आणि पांढरा पायाला गुंडाळतो. असली प्रतीकं एरवी ढोबळ वाटतात. इथं शिपाई ते इतक्या सहजपणे करतो की खटकायला सवडच मिळत नाही.

सोव्हिएत ताब्यात गेलेले पोलिश अधिकारी कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क, ओस्ताश्कोव अशा छावण्यांत डांबले गेले. ५ मार्च १९४० च्या पॉलिटब्यूरोच्या निर्णयानं सुमारे २२,००० पोलिश कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वायदाचे वडील याकूब त्यांपैकीच एक. पण दिग्दर्शक छावणीत फार रेंगाळत नाही. त्याचं लक्ष क्राकूवमध्ये वाट पाहणाऱ्या बायकांवर आहे.

कथेतली सगळ्यात बारीक वीण आहे ती एका स्वेटरची. तापानं फणफणलेल्या आंद्रेला त्याचा मित्र येझी आपलं नाव असलेला स्वेटर देतो, आणि त्यामुळे मृतांच्या यादीत नाव येतं येझीचं. इकडे आंद्रेची बायको आन्ना आशेवर जगत राहते. ही नुसती पटकथाकाराची करामत नव्हे. खुद्द वायदाच्या घरी यादीतलं नाव ‘कारोल वायदा’ असं आलं होतं, आणि त्या चुकीच्या आधारावर त्याची आई १९५० साली मरेपर्यंत नवऱ्याची वाट बघत राहिली. हे ठाऊक असलं की आन्नाच्या प्रत्येक दृश्याचं वजन बदलतं.

चित्रपटाचं खरं भांडण मात्र तारखेशी आहे. १९४३ मध्ये कातिनच्या जंगलातले खड्डे जर्मनांनी उघडले आणि जगाला दाखवले. पुढच्या वर्षी सोव्हिएत चौकशी आयोगानं खापर जर्मनांवरच फोडलं. हत्या १९४० मध्ये झाली म्हणावं तर गुन्हेगार मॉस्को. १९४१, म्हणजे तो भाग जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर झाली म्हणावं, तर बर्लिन. त्यामुळे भावाच्या थडग्यावर ‘एप्रिल १९४०’ कोरणं म्हणजे युद्धानंतरच्या मॉस्कोधार्जिण्या राजवटीविरुद्ध उघड साक्ष देणं. हे धाडस करणारी आग्निएश्का त्या दगडाच्या पैशांसाठी आपली वेणी नाटक कंपनीला विकते. ते केस ‘अँटिगनी’ करणाऱ्या नटीच्या टोपासाठी हवे असतात. राजवटीशी जुळवून घेतलेली तिची बहीण ही अर्थातच सोफोक्लीसची इस्मीनी. दगड फोडला जातो, आग्निएश्का तुरुंगात जाते. वायदानं जरा कमी समजावून सांगितलं असतं तरी चाललं असतं. अँटिगनी प्रेक्षकाला आपसूकच दिसली असती.

दुसरी उणीव म्हणजे पात्रांची गर्दी. बापाच्या मृत्यूची खोटी तारीख अर्जात लिहायला नकार देणारा तरुण आपल्याला पुरता कळण्याआधीच मारला जातो. आणखी दहा मिनिटं त्याला द्यायला हवी होती.

चित्रपटात एका अधिकाऱ्याच्या बायकोला आणि मुलीला घरातून उचलून नेतात. मराठी वाचकानं तिथं क्षणभर थांबावं. अशाच हद्दपारीतून सुटलेली हजारो पोलिश बायकामुलं १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहत होती.

हत्याकांड वायदानं शेवटासाठी राखून ठेवलं आहे. दोन तास ज्याविषयी नुसतं खोटं बोललं जातं, ते इथं उघड्या डोळ्यांनी बघावं लागतं. दोरीनं बांधलेले हात, मानेमागे पिस्तूल, पुढचा कैदी. कॅमेरा कोणाच्याही चेहऱ्यावर भावुक होऊन थांबत नाही, कारण मारणाऱ्यांच्या लेखी ते निव्वळ काम आहे. मग काळा पडदा आणि पेंडेरेत्स्कीचं संगीत. वायदाच्या उतारवयातला हा सर्वोत्तम प्रसंग आहे असं माझं मत आहे.

सोव्हिएत संघानं गुन्हा कबूल केला तो एप्रिल १९९० मध्ये. वीस वर्षांनी, १० एप्रिल २०१० रोजी, कातिनच्या स्मृतिसोहळ्याला निघालेलं पोलिश अध्यक्षांचं विमान स्मोलेन्स्कजवळ कोसळून ९६ जण गेले. दुसऱ्या दिवशी रशियाच्या मुख्य सरकारी वाहिनीनं हा चित्रपट दाखवला.