पोबारा कोणी केला?

1972च्या दुष्काळात खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून माझे वडील एका पहाटे मुंबईला निघून गेले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. पुढे कळत्या वयात ही हकिगत मी दोन तऱ्हांनी ऐकली. ज्यांचे आमच्या घराकडून पैसे येणे होते ते म्हणत, ‘त्यानं पोबारा केला.’ आई म्हणे, ‘पळाल्यालं न्हाईत, जगाया गेल्यात.’ माणूस तोच, पहाट तीच, शब्द मात्र दोन. मला शब्दांचा नाद लागला तो बहुधा तिथून. कॉलेजचे तोंड पाहता आले नाही. जुन्या बाजारात मिळालेला मोल्सवर्थ आणि वाचनालयातले दाते-कर्वे हेच माझे गुरुजी.

घाईने निघून जाण्याला मराठीत शब्दांची ददात नाही. पोबारा करणे, सूंबाल्या करणे, धूम ठोकणे, काढता पाय घेणे, गाशा गुंडाळणे, हातावर तुरी देणे, पसार होणे, फरारी होणे, परागंदा होणे. आणि अलीकडचे सटकणे, फुटणे, कटणे, कल्टी मारणे. आपले कोश यांचा अर्थ बहुधा ‘पळून जाणे’ या एका खुंटीला टांगून ठेवतात. माझी तक्रार इथेच आहे. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण त्यांच्यात पळणाऱ्याइतकाच बोलणाराही दडलेला असतो.

आधी ‘पोबारा’च पाहू. हा शब्द सोंगट्यांच्या पटावरचा. तीन फाशांपैकी दोनांवर सहा-सहा म्हणजे बारा आणि तिसऱ्यावर एक, म्हणजे ‘पो’, असे पडले की पोबारा. हे भाग्याचे दान. हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे आजही नशीब फळफळणे. मराठीत त्याच दानाचे पलायन कसे झाले? माझा तर्क असा की मोठे दान पडलेली सोंगटी एका झटक्यात दूर निघून जाते आणि मारायला टपलेला प्रतिस्पर्धी हात चोळत राहतो. हिंदीने हे दान टाकणाऱ्याच्या बाजूने पाहिले, मराठीने मागे राहिलेल्याच्या बाजूने. सावकाराच्या तोंडी हा शब्द इतका चपखल का बसतो, ते यावरून उमगते.

‘गाशा’ लष्करी छावणीतला. फारसीतून आलेला हा शब्द घोड्याच्या खोगिरावर घालायच्या आच्छादनाचा. गाशा गुंडाळणे म्हणजे मुळात मुक्काम हलवणे. त्यात कमीपणा नव्हता. इंग्रजीतल्या ‘डिकॅम्प’चा प्रवासही असाच. छावणी उठवणे हा त्याचा साधा अर्थ, पुढे तो गुपचूप निसटण्याला चिकटला. इंग्रजी बोलीतले असे कित्येक शब्द बाहेरून आलेले दिसतात. ‘व्हामूस’ स्पॅनिशमधला, मूळ अर्थ नुसता ‘चला’. ‘स्कार्पर’ इटालियनमधल्या निसटण्याच्या क्रियापदावरून आला असे मानतात. ‘स्किडॅडल’ 1861च्या सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धात गाजला, आणि तोही बहुधा शत्रूच्या पळापळीची टर उडवायला. मला सर्वांत बोलका वाटतो तो ‘मूनलाइट फ्लिट’. स्कॉटलंडमध्ये ‘फ्लिट’ म्हणजे नुसते बिऱ्हाड हलवणे. त्याला ‘चांदण्यातले’ हे विशेषण लागले की भाडे बुडवून रातोरात जाणे. एका विशेषणाने भाडेकरूचा चोर झाला, आणि ते विशेषण लावणारा कोण असेल हे सांगायला नको.

यावरून मी एक साधी कसोटी वापरू लागलो. शब्दाला ‘मी’ लावून पाहायचा. ‘मी काढता पाय घेतला’ हे कोणीही सहज म्हणतो, वर थोडा शहाणपणाचा आवही आणतो. ‘मी गाव सोडले’ म्हणता येते. पण ‘मी पोबारा केला’ हे हसत सांगायचा किस्सा असेल तरच जमते. ‘मी परागंदा झालो’ हे माणूस बोलत नाही, चरित्रकार लिहितो. ‘फरारी’ हा तर पोलिसांच्या कागदावरचा शब्द. तो दुसऱ्यानेच लावायचा असतो.

आमच्या भागाने ही कसोटी इतिहासातही पाहिली आहे. 1942नंतर जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, प्रतिसरकार उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटील 1946पर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत. सरकारदफ्तरी ही सगळी माणसे फरारी. ज्या घरांनी त्यांना भाकरी दिली त्या घरांसाठी ती भूमिगत. जुलै 1943मध्ये वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगातून बाहेर पडले. सांगलीत आजही कोणी ‘दादा तुरुंगातून पळाले’ असे म्हणत नाही. ‘दादांनी तुरुंग फोडला’ असे म्हणतात. शिवरायांच्या 1666च्या प्रसंगाला आपण ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो. मोगलांच्या लेखी ते पलायनच होते. आपल्या माणसासाठी भाषा आपोआप वेगळा शब्द पुढे करते, आणि त्यात खोटेपणाही नसतो.

इथे कोणी म्हणेल, मग आजची पोरे ‘चल, मी कल्टी मारतो’ असे बिनदिक्कत म्हणतात त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. मीही त्यावर बरेच दिवस अडून होतो. उत्तर असे सापडले की कल्टी मारणारा उद्या त्याच कट्ट्यावर परत येणार असतो. मागे देणे राहिलेले नसते. राहिलेच तर चहाचे. जिथे येणे-देणे नाही तिथे पळण्याचा शब्द स्वतःला लावायला लाज वाटत नाही. लाज शब्दात नसते, मागे राहिलेल्या हिशेबात असते. गलाईच्या धंद्यात खानापूर-आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळायला देशभर गेली. त्यांच्याबद्दल गाव ‘गलाईला गेला’ एवढेच म्हणते. काम ठाऊक, परतीची वाट ठाऊक. म्हणून शब्द निर्मळ.

हिशेब बाकी असला की काय होते ते दर हंगामात कराड-वाळव्याकडे ऐकू येते. ‘उचल घेऊन टोळी पळाली.’ यात वाहतूकदाराचे दुःख खरे आहे. जमीन गहाण टाकून, कर्ज काढून दिलेली उचल बुडाली की त्याचे घर बसते, आणि फसवणारे मुकादमही असतात. पण त्याच वाक्यात मधल्या रात्री पोर आजारी पडले म्हणून, किंवा फिटता फिटत नाही अशा उचलीला कंटाळून निघालेले जोडपेही येते. दोघांना मिळून शब्द एकच, ‘पळाली’. त्या जोडप्याने निघताना स्वतःशी कोणता शब्द वापरला, तो आपल्या कानावर येत नाही. वर्तमानपत्रात येतो तो मागे राहिलेल्याचा.

म्हणून कोशकारांना माझी एक विनंती आहे. 1831चा मोल्सवर्थ आणि विसाव्या शतकातले दाते-कर्वे यांचे ऋण माझ्यासारख्या बिनपदवीच्या माणसावर फार मोठे आहे. त्या ऋणाला स्मरूनच बोलतो. शब्द ग्राम्य की शिष्ट, फारसी की संस्कृत, याच्या खुणा कोशात असतात. तशी आणखी एक खूण हवी: हा शब्द कोण कोणाविषयी वापरतो. भाषांतरकारालाही ती उपयोगी पडेल. मग ‘स्कार्पर’ला तो डोळे मिटून ‘पळून गेला’ लिहिणार नाही. बोलणाऱ्याचे काय बुडाले ते आधी पाहील.

माझ्या वडिलांनी मुंबईहून मनिऑर्डरी पाठवून सहा वर्षांत सगळे देणे फेडले. तरी त्या घरातले म्हातारे शेवटपर्यंत ‘पोबारा’च म्हणत राहिले. त्यांचाही मला राग नाही. त्या सहा वर्षांत त्यांनी वाट पाहिली होती. माझ्या चिठ्ठ्यांच्या पेटीत ‘पोबारा’च्या चिठ्ठीमागे मी आईचा ‘जगाया जाणे’ लावून ठेवला आहे. पुढेमागे कोणी कोश करील तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या एकत्र न्याव्यात.