‘वड्ड’ : एका शब्दाचा अर्थ आणि अवमान

सोलापूरचे जुने नाव सोन्नलगी. १२ व्या शतकात सिद्धरामांनी शिष्यांसह येथे तलाव खोदला, अशी परंपरा आहे. ‘शून्यसंपादने’ या १५ व्या शतकातील कन्नड ग्रंथात अल्लमप्रभू सोन्नलगीस येतात व सिद्धरामांना उद्देशून ‘वड्ड’ हा शब्द वापरतात. तो ऐकताच शिष्य खवळतात. ‘वड्ड’ किंवा ‘ओड्ड’ म्हणजे माती खणणारा, दगड फोडणारा. मराठीतील ‘वडार’ हा त्याच कुळातील शब्द होय.

या प्रसंगाचे विवेचन बहुधा असे केले जाते की, बाह्य लोकोपयोगी कर्मात गुंतलेल्या साधकास अंतर्मुख करण्यासाठी अल्लमांनी हा आघात केला. हे विवेचन आम्हास चुकीचे वाटत नाही. ते अपुरे वाटते. आघातासाठी नेमका हाच शब्द का निवडला गेला? आणि गुरू प्रत्यक्ष तलाव खोदीत असताना शिष्यांना तो शिवीसारखा का झोंबला? याचे उत्तर अध्यात्मात सापडणार नाही, ते समाजरचनेत शोधावे लागेल. खोदण्याचे पुण्य सर्वांना हवे होते. खोदणाऱ्याचे नाव मात्र कोणासही नको होते.

संस्कृतातील ‘खनक’ या शब्दाची गतीही अशीच आहे. कोशांत त्याचे अर्थ खणणारा, उंदीर आणि घरफोड्या असे मिळतात. महाभारताच्या आदिपर्वात विदुराने पाठविलेला खनक लाक्षागृहात भुयार खोदतो व त्यामुळे पांडवांचे प्राण वाचतात. परंतु ‘खनक’ यापलीकडे त्याची ओळख वाचकाच्या लक्षात राहत नाही.

आता पालि वाङ्मय पाहावे. वण्णुपथजातकात वाळवंटात सापडलेला तांडा पाण्यासाठी खणू लागतो. साठ हात खोलीवर खडक लागतो आणि सारे हताश होतात. तेव्हा एक लहान सेवक खाली उतरून लोखंडी घणाने तो खडक फोडतो व पाणी उसळते. येथे ‘न थकता खणणारे’ हे गौरवाचे पद आहे. मज्झिमनिकायातील वम्मिकसुत्तात तर वारूळ खणणे ही संपूर्ण साधनेची उपमा आहे : खणण्याचे हत्यार म्हणजे प्रज्ञा आणि खणणे म्हणजे वीर्यारंभ. कुद्दालजातकात कुदळीवरूनच पंडिताचे नाव पडले आहे. ती कुदळ तो अखेर नदीत टाकतो, हे खरे. पण ते तिच्याविषयीची आसक्ती तोडण्यासाठी, काम हलके म्हणून नव्हे.

यावर कोणी आक्षेप घेईल की, विनयातील पाचित्तिय नियमाने भिक्खूला जमीन खणण्यास मनाई आहे. मग श्रमाचा हा गौरव कोठे राहिला? त्या नियमाची कथा वाचली म्हणजे शंका फिटते. आळवी येथील भिक्खू जमीन खणीत व खणवून घेत होते. भूमीत जीव आहे असे मानणाऱ्या लोकांनी त्यास हरकत घेतली, म्हणून नियम झाला. खणणारा हीन आहे, असे कारण तेथे नाही. तथापि जातके ही वडारांच्या मुक्तीची सनद आहेत, असा अतिरेकी दावाही आम्ही करणार नाही. खरा आधार वासेट्ठसुत्तात आहे. जो शिल्पाने जगतो तो शिल्पी आणि जो चोरीने जगतो तो चोर, असे भगवंतांनी तेथे सांगितले. चोर हा कर्माने ठरतो, जन्माने नव्हे.

या सुत्ताचे मोल सोलापूरकरांइतके क्वचितच कोणास कळेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले. त्या कायद्याखालची वसाहत या शहरात होती. ‘सेटलमेंट’ हे नाव आजही त्या भागाला चिकटलेले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात वडारांची गणना आज विमुक्त जातींत होते. मातीकाम करणारे माती वडार, गाडीतून दगड वाहणारे गाडी वडार, जाती घडविणारे जाते वडार, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. रस्ते, विहिरी आणि तलाव त्यांच्या श्रमाचे. कोशातील ‘खनक’ खणणाऱ्यापासून घरफोड्यापर्यंत घसरला, तीच वाट समाजाने जिवंत माणसांना चालावयास लावली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे. ‘वड्ड’ या एका शब्दाचा इतिहास त्याचाच पुरावा होय. कर्नाटकातील वड्डर-भोवी समाज सिद्धरामांना आपले गुरू मानतो. ज्या शब्दाने शिष्य दुखावले, त्याच शब्दाचे वारस त्यांना आपले म्हणतात, ही गोष्ट समीक्षकांनी विचारात घ्यावयास हवी. बौद्ध अभ्यासकांचे कर्तव्य याहून थोडे पुढचे आहे. तलावाची महती सांगताना तो कोणी खणला हे विचारावे, आणि ‘वडार’ हा शब्द आपल्या बोलण्यात हेटाळणीने येतो काय, हे प्रथम आपणच तपासावे.